गावात शिरताना हात रिकामे

फॉर्म आणला जयमालाने. त्यासाठी वाशीला बस बदलून, खाडीपूल ओलांडून मुंबईला गेली जयमाला. कॉलेजच्या खिडकीपुढे दीड तास उभी राहिली जयमाला, आणि एक फॉर्म मागायचा तर तोंडातून ‘दोन द्या’ असं निघालं तेही जयमालाच्याच. मग तो दुसरा फॉर्म गोजराने जयमालाच्या उंबऱ्यात बसून, जयमालाच्याच शाईपेनाने भरला. त्या दिवसापासून जयमालाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

साल ब्याऐंशी. तुर्भ्याच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या खोल्यांची वस्ती होती, तिथे जयमालाचं घर. वडील मारोती बहात्तरच्या दुष्काळात परभणीकडून आले आणि रंगाच्या कंपनीत पिंपं उचलायला लागले, ते अजून उचलतच होते. आई भिमाबाई चार घरची धुणीभांडी करायची. जयमाला थोरली, बारावीपर्यंत पोचलेली वस्तीतली पहिली मुलगी. नळावर दोन बायका भांडल्या तर अर्ज लिहायला जयमाला, आणि बालवाडीत बाई आल्या नाहीत तर पोरं सांभाळायलाही जयमालाच. दोन वर्षं ती हे फुकट करत होती, आणि ते फुकट असल्याचा तिला थोडा अभिमानही होता.

मुंबईच्या समाजकार्य कॉलेजातल्या मुली आठवड्यातून दोनदा वस्तीत यायच्या. त्या कामाला ‘फिल्डवर्क’ म्हणायच्या. त्यातल्याच एकीने तिला सांगितलं होतं, “तू हे सगळं करतेसच की! बारावीनंतर आमच्याकडे ये. तीन वर्षांनी पदवी मिळते.”

भिमाबाईला हे ऐकून हसूच आलं होतं. “व्हय माय? लोकायच्या दारात जायची बी पदवी आस्ती?”

पण मारोती हसला नाही. तो म्हणाला, “मिळाली जागा तर जा. न्हाई मिळाली, तर त्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला पोरी घेऊ लागलेत. मी साहेबाला बोलून ठेवलंय.” म्हणजे एकीकडे पदवी आणि दुसरीकडे गोळ्यांची पाकिटं. जयमाला फॉर्मकडे बघायची तेव्हा तिला ती पाकिटं दिसायची.

आणि आता गोजरा.

गोजरा रस्त्यापलीकडच्या जुन्या गावातली, धर्मराज आगऱ्याची धाकटी. हायस्कुलात दोघी एका बाकावर बसत, तिथून मैत्री. गावातल्या घरी जयमाला जायला लागली तेव्हा गोजराची आई यशोदाबाई तिला चहा वेगळ्या ग्लासात द्यायची. तो ग्लास कोनाड्यात एकटा असायचा. तिसऱ्या वर्षी तो गोजराच्या हातून पडला. मुद्दाम पडला की कसा ते कोणी विचारलं नाही, पण त्यानंतर वेगळा ग्लास आला नाही. जयमालाला हे आठवलं की गोजराबद्दल माया वाटायची, आणि माया वाटली की जास्तच राग यायचा. एवढंही आपल्याला हिच्याच हातून मिळावं?

कारण गोजराला काही करावंच लागत नसे. जयमाला आठवडाभर फळ्यावर चित्रं काढून पोरांना गाणं शिकवी. शुक्रवारी गोजरा उगवायची, पदर खोचून खाडीतल्या निवटी माशासारख्या उड्या मारून दाखवायची, आणि पोरं गाणं विसरून तिच्या कमरेला लोंबायची. जयमालाने अर्ज लिहून लिहून बोटं काळी केली आणि वस्तीतल्या बायका मात्र विचारत, “ती हसरी पोरगी आली नाही का आज?” कष्ट हिचे आणि कौतुक तिचं. अंगाचा तिळपापड होईल नाही तर काय!

मुंबईच्या मुलींना एकदा गावठाणात जायचं होतं, बायकांशी बोलायला. तेव्हा गोजराने त्यांना वेशीवरच थांबवलं होतं. “वह्या आत टाका. पेनं पन. गावात शिरताना हात रिकामे पायजेत. कागदवाला मानूस दिसला की आमच्या बायका कोयताच काढतात. कागद आला आनि शेतं गेली, एवढंच म्हाईत हाय त्यांना.” शहर वसवायला गावाची भातशेती आणि मिठागरं गेली होती. मोजणीला आलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात एक फाईल होती, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं. मुलींनी वह्या पिशव्यांत कोंबल्या आणि त्या दिवशी त्यांना घराघरात तांदळाची भाकरी मिळाली. परत आल्यावर त्यांच्या तोंडी गोजरा, गोजरा आणि गोजरा. जयमालाने त्यांच्यासाठी वस्तीचा नकाशा काढून ठेवला होता, तो तसाच राहिला.

हे एवढं असूनही कॉलेजची गोष्ट तिने गोजराला सांगितली. आनंद झाला की माणसाचं भान सुटतं, तसं झालं. गोजराने डोळे मोठे केले आणि म्हणाली, “असलं पन कॉलेज असतंय? मग मी पन येतंय!”

फॉर्मवर शेवटी एक प्रश्न होता: तुम्हाला समाजकार्य का करावंसं वाटतं? जयमालाने तीन पानं जोडली. त्यात वंचित आले, उद्धार आला, ‘परका माणूस आमच्या भागात आला तर मी त्याच्याबरोबर घरोघरी जाते आणि लोकांशी ओळख करून देते’ हेही आलं. गोजराने पेनचं टोक चावत चावत चार ओळी लिहिल्या आणि पाणी प्यायला आत गेली. जयमालाने कागद आपल्याकडे वळवून वाचला.

‘आमच्या घरी कागद घेऊन कोणी आलं की माझी आई दार लावून घेते. तिची चूक नाही. पण एखादा कागद चांगलाही असतो, तोही परत जातो. आईला दार उघडावंसं वाटेल असं कागद घेऊन जाणं मला शिकायचं आहे.’

जयमालाने तो कागद पुन्हा होता तसा ठेवला. आपली तीन पानं तिला एकाएकी लग्नातल्या भाषणासारखी वाटायला लागली. पेन माझं, फॉर्म माझा आणि ओळी हिच्या. आणि तिथेच एक विचार तिच्या डोक्यात शिरला आणि ठाण मांडून बसला. तुर्भ्यातून दोघी कशाला घेतील? घेतील तर एकीलाच घेतील. हा नियम तिला कोणी सांगितला नव्हता, कुठे छापलेलाही नव्हता. पण जळणाऱ्या माणसाला नियम लागतोच, नसला तर तो घरी तयार करतो.

पंधरा दिवसांनी दोघींना सारखंच पत्र आलं. मुलाखतीआधी कॉलेजच्या मॅडम घरी भेट द्यायला येतील, दिवस नक्की नाही.

गोजरा पत्र घेऊन धावत आली. “मॅडम तुज्याकडं पयली आली तर तिला घेऊन ये गो माज्याकडं. एकटी नको धाडू. आईला मी सांगितलंय, पन तिचं तुला म्हाईत हाय. फाईल दिसली की तिला काय सुचतंय का?”

“आणते की,” जयमाला म्हणाली. म्हणाली तेव्हा तिला तसंच करायचं होतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

मॅडम रविवारी दुपारी आल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, चिखलातून चालून दमलेल्या. या भागात त्या पहिल्यांदाच येत होत्या. भिमाबाईने घरातली एकमेव खुर्ची पुसली, मारोतीने सदरा घातला. मॅडमनी हिरवी फाईल मांडीवर उघडून विचारलं, घरात माणसं किती, पाणी कुठून येतं, मुलगी शिकली तर चालेल का. मारोती म्हणाला, “आमच्या बाबासायबांनी सांगून ठेवलंय, शिका. मंग मी नको म्हणणारा कोण?” मॅडमनी ते लिहून घेतलं. जयमालाला वाटलं, जमलं. आपलं जमलं.

मग मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “गोजराचं घर जवळच आहे ना? तू येतेस का बरोबर?”

जयमाला म्हणाली, “मला बालवाडीत जायचंय, मॅडम.”

शब्द तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. तिने वेशीपर्यंत जाऊन रस्ता मात्र नीट दाखवला, इतका नीट की चुकायला जागाच नको. “सरळ जा, देवळापुढून डावीकडे, निळं दार.” मॅडमनी फाईल छातीशी धरली होती, पेन बोटांत तसंच होतं. ‘मॅडम, फाईल पिशवीत ठेवा’ एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. ते तिच्या जिभेवर आले, आणि तिने ते कडू गोळीसारखे गिळले.

घरी जावं ना सरळ? नाही. ती मागोमाग गेली आणि देवळाजवळच्या हापशीच्या आड उभी राहिली.

यशोदाबाई ओट्यावर चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडून त्या साफ करत बसली होती. गोजरा आणि धर्मराज सकाळपासून खाडीवर होते. यशोदाबाईने मान वर केली आणि तिला आधी फाईल दिसली, बाई नंतर दिसली.

“कंची गो तू?”

“मी कॉलेजातून आलेय. तुमच्या घरात माणसं किती आहेत, जरा—”

एवढं बस झालं. यशोदाबाई परातीसकट उठली. “मानसं मोजाला आयलीस? आधी शेत मोजलंव, मंग मीठ मोजलंव, आता मानसंच रायली काय गो? चल, नीघ! नीघ आधी!” आणि चिंबोऱ्यांचं पाणी मॅडमच्या पायांवर. आजूबाजूच्या चार दारांतून चार बायका बाहेर आल्या. मॅडम काहीतरी सांगत होत्या, कोणाला ऐकू जात नव्हतं. त्या मागे सरल्या, घसरल्या, सावरल्या आणि एक चप्पल चिखलात ठेवून, फाईल छातीशी तशीच धरून निघून गेल्या. हापशीजवळून गेल्या, पण त्यांना आजूबाजूला बघायचं भान नव्हतं.

जयमालाला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, बरं वाटलं. तापात कपाळावर ओली पट्टी ठेवल्यासारखं बरं वाटलं. घरी येऊन तिने आईला पोळ्या लाटून दिल्या, धाकट्या भावाला पाढे म्हणायला लावले. संध्याकाळी गोजरा दारात येऊन उभी राहिली तोपर्यंत ते बरं वाटणं टिकलं.

गोजराच्या हातांवर चिंबोऱ्यांनी काढलेले ओरखडे होते. “मॅडम येऊन गेली,” ती म्हणाली. “आईनं हाकलली. पानी टाकलान तिच्यावर. तुज्याकडं आली व्हती?”

“आली होती. मी बालवाडीत होते.”

गोजरा तिच्याकडे बघत राहिली. रविवारी बालवाडीला कुलूप असतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण ती फक्त “बरं” म्हणाली आणि गेली. दोन शिव्या दिल्या असत्या तर जयमालाला परवडलं असतं. ते ‘बरं’ तिच्या घशात आठ दिवस माशाच्या काट्यासारखं टोचत राहिलं.

आठ दिवसांनी मुलाखतीचं पत्र आलं. जयमालाला आलं, आणि गोजरालाही. जयमालाला खरं वाटेना. हाकलून दिलं तरी बोलावतात? मग हिचं बिघडायला करावं तरी काय माणसाने?

दोघी एकाच बसने गेल्या. पुलावर खाडीचं पाणी चढलेलं होतं. गोजरा खिडकीशी बसून गप्प होती आणि जयमाला मनात उत्तरं घोकत होती. कॉलेजात लाकडी बाकावर त्यांना बसवलं. गोजराला आधी बोलावलं. बंद दारामागून पाच मिनिटांनी हसण्याचा आवाज आला, एकाचा नाही, तिघांचा. जयमालाने साडीच्या निऱ्या मुठीत आवळल्या. मुंबईच्या शिकलेल्या माणसांनाही हिने पाच मिनिटांत खिशात घातलं!

गोजरा बाहेर आली, जयमाला आत गेली.

टेबलामागे तिघं होते, मधल्या खुर्चीवर त्याच मॅडम. आधी सोपं सोपं विचारलं. मग मॅडमनी तिची तीन पानं काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“तू लिहिलंयस, परका माणूस तुमच्या भागात आला तर तू त्याच्याबरोबर घरोघरी जातेस. त्या रविवारी मी मात्र एकटी गेले.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “गोजराच्या चार ओळी मी वाचल्या होत्या, तरी फाईल मिरवत गेले. माझीही चूकच. गोजरा म्हणाली, तुला त्या दिवशी तिनेच बालवाडीच्या साफसफाईला लावलं होतं, म्हणून तू येऊ शकली नाहीस. असंच ना?”



म्हणजे गोजराला सगळं माहीत होतं. माहीत असून आत येऊन तिने हे सांगितलं. आता जयमालाने नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एका अक्षरात जागा मिळत होती, पॅकिंग टळत होतं, बापाचा सदरा सार्थकी लागत होता. कोणालाही कधी काही कळलं नसतं.

पण ती जागा गोजराने दिलेली झाली असती. जन्मभर. वेगळा ग्लास गेला तो गोजराच्या हातून, आणि कॉलेज मिळालं तेही गोजराच्याच हातून! तीन वर्षं तिच्या शेजारी बसून रोज तिचं हसू बघायचं आणि मनात म्हणायचं, हिने वाढलं म्हणून मी जेवतेय. ते जयमालाला सहन होईना. लोक म्हणतात खरं बोलायला धैर्य लागतं, सत्त्व लागतं. जयमालाजवळ त्या वेळी यातलं काही नव्हतं. ती खरं बोलली ती निव्वळ जळून.

“नाही, मॅडम. ती खोटं सांगतेय. रविवारी बालवाडी बंद असते. मीच आले नाही.”

“का?”

“तुम्हाला हाकलतील हे मला माहीत होतं. तिला जागा मिळू नये असं वाटत होतं. तुर्भ्यातून दोघी कशाला घ्याल तुम्ही?”

मॅडमनी चष्मा काढला. “असा नियम कोणी सांगितला तुला?”

नियम कोणीच सांगितला नव्हता. मग तिला दुसरी गोष्ट उमगली. आपण आत्ता गोजराला खोटारडी म्हणालो, तिला निवडणाऱ्या माणसांपुढे. दुसऱ्यांदा घात केला आपण तिचा, आणि या वेळी तर खरं बोलून.

“तिला खोटं बोलायची सवय नाही,” ती घाईघाईने म्हणाली. “ती माझ्यासाठी बोलली. यादीतून तिचं नाव काढू नका. तुमच्या मुलींना विचारा, गावात घेऊन जाणारी तीच होती. मला नुसते नकाशे काढता येतात.” गोजराचं कौतुक तिच्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं. निघताना प्रत्येक शब्द दात उपटल्यासारखा निघाला.

बाहेर पायऱ्यांवर गोजरा पुडीतले शेंगदाणे खात बसली होती. “काय विचारलन?”

“रविवारचं.”

“मग? हो म्हनलीस ना?”

“नाही. खरं सांगितलं.”

गोजराचा हात पुडीतच राहिला. “येडी काय गो तू? मी एवढा खोटा बोलून आले, त्याचं काय?”

“तुला कोणी सांगितलं होतं खोटं बोलायला? माझ्यावर उपकार करायला कोणी बोलावलं होतं?” जयमालाचा आवाज चढला. “तुला माहीत होतं ना, मी मुद्दाम केलं ते?”

“शेजारच्या बायजाबायनं बघितला तुला हापशीमागं. त्याच दिवशी कळला.”

“मग शिव्या का नाही दिल्यास?”

“देनार व्हती. जागा मिळाल्यावर देनार व्हती, चांगल्या मोठ्या.” गोजराने शेंगदाणे पायरीवर ठेवले. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याचाच राग येत होता. “उपकार कसला? बा म्हनलाय, जयमाला जात असंल तर जा. एकटीला खाडीपार नाय धाडनार. तू शानी पोर हायस म्हनं. तुला जागा नाय तर मला पन नाय. म्हनून बोलले खोटा. आता बस बोंबलत.”

बसमध्ये गोजरा दुसऱ्या बाकावर बसली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि जयमाला खिडकीबाहेर बघत हिशोब जुळवत राहिली. ही असली तर मी नाही, असं म्हणत मी महिनाभर जळले. आणि ही नसली तर मी नाही, असं म्हणत ती महिनाभर माझ्या दारात येत होती. रडावं की थोबाडीत मारून घ्यावं हे तिला कळेना.

निकालाची पत्रं जुलैत आली. गोजराची निवड झाली होती. जयमालाची नव्हती. तिच्या छापील पत्राखाली शाईने एक ओळ लिहिलेली होती: पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. वाट बघते.

मारोतीने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि तो कंपनीच्या साहेबाकडे गेला. सोमवारपासून पॅकिंग. भिमाबाई म्हणाली, “आसू दे माय. पुढच्या साली बघू.” जयमाला भिंतीकडे तोंड करून झोपली. गोजराला जागा आहे पण जाता येत नाही, आता तीही घरीच बसेल. या विचाराने बरं वाटेल म्हणून तिने थोडी वाट बघितली. नाही वाटलं. जळायलासुद्धा समोर कोणीतरी चालतं राहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ती गावात गेली. पत्र घरीच ठेवलं, हात रिकामे.

धर्मराज ओट्यावर जाळं शिवत होता. यशोदाबाईने तिला पाहिलं, कपाळाला हात लावला आणि आतून एक चप्पल आणून दाखवली. “त्या बायची चप्पल धून ठेवलीय गो मी. तिला कसा सांगू, मना काय म्हाईत कॉलेजची हाय ती?” गोजरा आत होती, बाहेर आली नाही.

जयमाला खाली बसली. “काका, मला जागा नाही मिळाली. गोजराला मिळालीय.”

“ठाव हाय. तू नाय तर ती पन नाय. बोललंय मी.”

“मी त्या औषधाच्या कंपनीत लागतेय, वाशीच्या अलीकडे. सकाळी तिच्याबरोबर बसमध्ये बसेन. वाशीला तिला मुंबईच्या गाडीत बसवेन आणि मग चालत मागे कामाला जाईन. संध्याकाळी सुटले की वाशीला उभी राहीन, ती उतरेपर्यंत. रोज. पूल तेवढा तिला एकटीला पार करावा लागेल.”

धर्मराजने सुई थांबवली. “आनि तुजा काय फायदा त्यात?”

“माझ्यामुळे तुमच्या दारात कॉलेजच्या बाईचा अपमान झाला. हाकललं काकीने, पण पाठवलं मी होतं. फाईल उघडी ठेवून.”

यशोदाबाईच्या हातातली चप्पल खाली आली. आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. मग धर्मराज म्हणाला, “तू शानी हायस म्हनलेलं मी. शानी नायस. पन पोर सांभाळशील.” आणि पुन्हा शिवायला लागला. तेवढाच होकार.

मग वर्षभर तेच चाललं. सकाळी साडेसहाच्या बसला दोघी. वाशीला गोजरा मुंबईच्या गाडीत चढायची आणि गाडी पुलाकडे वळेपर्यंत जयमाला उभी राहायची. ते बघणं तिला कधी सोपं गेलं नाही. दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या डब्यांत भरायच्या आणि संध्याकाळी वाशीच्या थांब्यावर पुन्हा उभं राहायचं. गोजरा उतरायची ती बोलतच उतरायची. आज हे शिकवलं, आज ते शिकवलं, आज मॅडमनी वर्गात सांगितलं की गृहभेटीला जाताना हात रिकामे ठेवावेत, आणि सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं! ती पोट धरून हसायची. जयमाला तुर्भ्यापर्यंत ऐकत बसायची. आत जळायचं, आणि एक शब्द सुटू नये म्हणून ती कानही टवकारून ठेवायची. एखाद्या दिवशी गोजरा दमून गप्प बसली तर जयमालाच तिला डिवचायची, “पुढे? काय शिकवलं पुढे?”

पुढच्या जूनमध्ये फॉर्म आणला गोजराने. एकच आणला. वाशीच्या थांब्यावर, बाकावर बसून, गोजराच्याच पेनाने जयमालाने तो भरला. शेवटच्या प्रश्नापाशी ती अडली. बराच वेळ तिने पेनचं टोक चावलं. मग चार ओळी लिहिल्या. तीन पानं जोडावीशी वाटली नाहीत.

“बघू, काय लिवलंस?” गोजरा खांद्यावरून वाकली.

जयमालाने कागदावर पंजा ठेवला.

“नको. मागच्या वर्षी मी तुझं वाचलं होतं.”